डोळ्यावर येतंय का

रविवारी दुपारी चार वाजता पप्पांनी तिच्या पॅडवर एक कोरा फुलस्केप ठेवला आणि म्हणाले, "विजू, तुझ्या त्या बक्षिसाच्या अक्षरात एवढा जबाब लिहून दे. सहाच्या आत साइटच्या हापिसात द्यायचाय." एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, काही फुटलं नाही. दिघीतल्या त्या तीन मजली इमारतीत खालच्या घरातला मिक्सर घुरघुरत होता तो घुरघुरतच राहिला, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. पण जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली एकदम फरशीच लागावी, तसा हिसका विजयश्रीच्या अंगातून गेला. दहावीतल्या मुलीला, आणि तीही विजयश्री, लिहायचं कसलं आलंय भय! निबंध म्हणा, भाषण म्हणा, समोरच्या काकूंचा पाण्याच्या तक्रारीचा अर्ज म्हणा, तिचं पेन कधी अडलेलं नव्हतं. आज मात्र कागद इतका पांढरा दिसत होता की त्याच्याकडे बघवेना. "काय बघूलालीस? लिही की," पप्पा म्हणाले. ते पलंगाच्या काठावर बसले होते, दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून, आधार कार्डाचा फोटो काढायला बसावं तसे. तीन दिवसांची दाढी होती. दाढीत एवढं पांढरं आहे हे तिला आजच कळलं.

जबाब कशाचा, हे घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. तिचे पप्पा, ज्ञानदेव, चाकणच्या अलीकडे रस्ता रुंद करायच्या कामावर लाइटवाले होते. रस्त्याखालून पाणी जायची मोरी बांधायला तिथे पुरुषभर उंचीपेक्षा खोल खोदलेलं होतं, अर्धा रस्ता त्या खड्ड्याने खाल्लेला आणि उरलेल्या अर्ध्यावरून कंपन्यांचे कंटेनर, बसा, दुचाक्या अशी सगळी दुनिया दोन्हीकडून चाललेली. संध्याकाळी सहाला पप्पा जनरेटर चालू करत, लाइट टॉवरचा खांब वर चढवत, त्याच्या चार दिव्यांची तोंडं खड्ड्याकडे आहेत ना ते बघत, मग पत्र्याच्या बॅरिकेडवरचे लाल ब्लिंकर एकेक चाचपत आणि शेवटी ओल्या फडक्याने चमकपट्ट्या पुसत, कारण चाकणची धूळ म्हणजे धूळ नव्हे, ते पीठच. बाकीचे लाइटवाले फडकं मारत नसत. पप्पा मारत. त्यांचं एक वाक्य होतं, ते त्यांनी घरी इतक्यांदा म्हटलेलं की विजयश्रीला ते श्लोकासारखं पाठ झालं होतं : खड्डा दिसला पाहिजे, दिवा दिसायला नको. लोकांना वाटतं, उजेड भरपूर पाडला की काम झालं. तसं नसतं. दिवा डोळ्यात गेला की माणूस आंधळा, मग तुमचा उजेड काय चुलीत घालायचाय? हे सांगताना पप्पांचा आवाज शाळेतल्या मास्तरांसारखा व्हायचा, आणि मम्मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "झाली यांची शाळा सुरू."

"मी, खाली सही करणार ज्ञानदेव," पप्पा सांगू लागले, "सदर ठिकाणी लाइटमन म्हणून दोन वर्षं काम करतो." तिने लिहिलं. 'ज्ञा' छान आला. तिला स्वतःचाच राग आला, की असल्या वेळीसुद्धा आपल्याला 'ज्ञा' छान आल्याचं कळतं. "गुरुवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे टॉवर चालू केला. लॉकची पिन बसवली." तिने लिहिलं. पिन बसवली हे खरंच होतं; पप्पा पिन बसवल्याशिवाय टॉवरला पाठ दाखवत नसत. "त्यानंतर जोराचा वारा सुटला," पप्पा म्हणाले, आणि थांबले. तिचं पेनही थांबलं. खाली मिक्सर बंद झाला आणि तो बंद झाल्यावरच किती मोठा आवाज होता ते कळलं. गुरुवारी वारा नव्हता. गुरुवारी ती ट्यूशनहून आली तेव्हा दोरीवरचे कपडे लोंबत होते, मेल्यासारखे, एक बाही हलत नव्हती. मम्मी म्हणाली होती, काय उकडतंय गं, वाऱ्याचं नाव नाही. हे तिघांनाही माहीत होतं. मम्मी ओट्याशी पाठ करून उभी होती आणि एकच पेला कितीतरी वेळ धूत होती.

तिला आवाज सापडून वर्षही झालं नव्हतं. पाचवीत लातूरच्या गावाकडून इथे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती बाईंना म्हणाली, "बाई, मी पाणी प्यायला जाऊलालाव," आणि अख्खा वर्ग बाकांवर आडवा पडला होता. त्यानंतर मुली मधल्या सुट्टीत तिला घेरून म्हणायच्या, "ए, ते जाऊलालाव बोल ना, एकदाच." तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. नववीपर्यंत ती वर्गात होती आणि नव्हती. मग या जूनमध्ये विज्ञानाच्या बाईंनी प्रदर्शनासाठी विचारलं आणि ती, कुठून बळ आलं कुणास ठाऊक, उठून उभी राहिली. दोन कुंड्या, दोन शेवंत्या. एकीवर रोज संध्याकाळी बादली पालथी घालायची, दुसरी रात्रभर गॅलरीतल्या बल्बखाली ठेवायची. बादलीखालची शेवंती कळ्यांनी भरली, बल्बखालची नुसतीच माजली, हिरवीगार, उंच, वांझ. शेवंतीला लांब काळोख लागतो, तो मोडला तर ती फुलत नाही, हे विजयश्रीने परीक्षकांसमोर सलग अकरा मिनिटं सांगितलं. मध्ये एकदा 'करूलालंय' निघून गेलं तोंडातून आणि कुणी हसलं नाही. पहिला नंबर! तेव्हापासून तोंड जे सुटलं ते थांबेना. प्रार्थनेला ती, सूत्रसंचालनाला ती, बसमध्ये कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून ऐकवायला तीच. मम्मी म्हणायची, "आधी वाटायचं मुकी होते का काय, आता वाटतंय कानात बोळे घालावेत." आणि पप्पा हसायचे. तिच्या बोलण्यावर सगळ्यात जास्त विश्वास पप्पांचा होता. तीच तर गोष्ट होती.

पाच दिवसांचे गणपती गेले त्या दिवशी ती हट्टाने पप्पांबरोबर साइटवर गेली होती. पावसाने उघडीप दिली होती, रस्त्याकडेच्या रानातून ओल्या मातीचा आणि डिझेलचा असा मिळून एक वास येत होता. खड्ड्याला लागूनच भागूबाईंचं शेवंतीचं रान होतं. भागूबाई म्हणजे तिथल्याच गावच्या, वय साठीच्या पुढे, डोक्यावर पदर आणि पायात नातवाचे जुने बूट. पप्पा टॉवर वर चढवत होते तोवर त्या बांधावर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दादा, रोज सांगते, आज पुन्यांदा सांगते. तुमचा ह्यो दिवा माझ्या शेवंतीला झोपू देईना. त्या तिकडच्या कडंला बघा, कळी हाय. आन् हितं दिव्याखाली निसता पाला. दसऱ्याला लोकांच्या दारावर काय पाला बांधू व्हय?" पप्पा म्हणाले, "मावशी, मला कळतंय. आमच्या गावात खांबाखालचं सोयाबीन असंच हिरवं राहायचं, सगळं रान कापून व्हायचं तरी ते आपलं हिरवंच. पण लाइट माझ्या मनानं फिरवता येत नाही. साहेबांना विचारावं लागंल." "साहेब म्हंतोय शेवंती तिकडं सरकवा," भागूबाई म्हणाल्या. आणि तेव्हा विजयश्री पुढे झाली. तिने भागूबाईंना सगळं सांगितलं, काळोख किती तास लागतो, कळी केव्हा धरते, बादलीचा प्रयोग, सगळं. भागूबाई तोंडावर हात धरून ऐकत होत्या. "आगं बया! म्हंजी माझं खरंच म्हनायचं. मला वाटलं मी म्हातारी झाले म्हनून बरळते." कसं वाटलं होतं तेव्हा! साठी ओलांडलेल्या बाईला तिचं स्वतःचं रान समजावून सांगायचं, आणि तिने मान डोलवायची. विजयश्री पप्पांकडे वळून म्हणाली, "पप्पा, काही अवघड नाही. कडेचे दोन दिवे रानात पडतायत. खांब थोडासा फिरवा, रानाकडे पाठ होईल. खड्डा तर दिसतोच."

आणि पप्पांनी फिरवला. लगेच नाही. आधी त्यांनी तिला रस्त्यावर, चाकणकडून गाड्या येतात त्या बाजूला, कडेच्या मुरुमावर जाऊन उभं राहायला सांगितलं. "तिथून माझ्याकडं बघ," ते ओरडले, "आणि सांग, डोळ्यावर येतंय का?" सव्वासहा झाले होते. आभाळ अजून उजळ होतं, पश्चिमेला तांबूस. तिने बघितलं. चार दिव्यांतला एक दिवा थेट तिच्याकडे बघत होता. डोळ्यात काहीतरी टोचलं, अगदी क्षणभर, पापण्या आपोआप मिटल्या, आणि उघडल्या तेव्हा पप्पांच्या जागी एक हिरवा डाग होता. डाग सरकला, पुसला, पप्पा परत दिसले. बांधावर भागूबाई तिच्याकडेच बघत होत्या, देवळात गाभाऱ्याकडे बघावं तशा. "येतंय का गं?" पप्पा पुन्हा ओरडले. "नाही!" ती ओरडली. "मस्त दिसतंय सगळं!" तिने हे का म्हटलं? या तीन दिवसांत तिने स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की प्रश्न झिजून गुळगुळीत झाला होता, हातात धरता येईना. खोटं बोलायचं म्हणून ती बोललीच नव्हती. एवढंसं तर आलं होतं. आणि भागूबाई बघत होत्या. आणि आपण एकदा सांगितलेलं पुन्हा मागे घ्यायचं, अडखळायचं, ते नको होतं. कुलूप काढून नुकतं तर झालं होतं. उजेड असताना दिवा किती टोचेल हे बघण्यात काही अर्थ नसतो, काळोख पडल्यावर बघायला हवं, एवढी साधी गोष्ट काळोखाचे तास पाठ असलेल्या मुलीला सुचली नव्हती.

दहा संध्याकाळी काही झालं नाही. म्हणजे झालंच असणार. लोक डोळे चोळत, शिव्या घालत, हाताने आडोसा करत निघून गेले असणार. अकराव्या दिवशी सकाळी भागूबाईंनी पप्पांच्या फोनवर तिला मागून घेतलं. "बाय, कळी धरली गं! ज्वारीच्या दान्यायेवढी, पर धरली! दसऱ्याला तुझ्या दाराला माझं तोरन." विजयश्रीने ते शाळेत चौघींना सांगितलं, बाईंना सांगितलं, बाई म्हणाल्या, बघ, विज्ञान पुस्तकातून बाहेर आलं की असं असतं. दिवसभर ती जमिनीपासून चार बोटं वर चालत होती. त्याच दिवशी संध्याकाळी पावणेआठला प्रज्वल नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा, नांदेडकडचा, एका कंपनीत ट्रेनी, ओव्हरटाइम करून दुचाकीवरून खोलीकडे निघाला होता. वळणावर आला आणि बॅरिकेड जिथे वळतात तिथे वळलाच नाही, सरळ गेला. पत्रा फाडून गाडी खड्ड्यात, तो गाडीखाली. पप्पा पहिले उतरले. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ते अँब्युलन्स येईतोवर चिखलात बसून होते. त्या रात्री घरी आल्यावर पप्पा एकदाच बोलले, न विचारता, मोरीत हात धुताना, पाठमोरे. "शुद्धीवर होता. म्हणला, काका, समोर सगळं पांढरं झालं." नंतर तीन दिवस ते त्यावर बोलले नव्हते. प्रज्वलला कमरेखालचं अजून काही कळत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, बघू.

पोलीस येऊन फोटो काढून गेले होते. फोटोत दिव्याचं तोंड रस्त्याकडे आहे हे तर कुणालाही दिसत होतं. प्रश्न एवढाच उरला होता, की ते कुणी फिरवलं. आणि त्यावर साइटचे सुपरवायझर, गणराज सर, यांनी तोडगा काढला होता. काल ते स्वतः घरी आले, चहा घेतला, विजयश्रीला कितवीत आहेस विचारलं. माणूस वाईट नव्हता, तेच अवघड होतं. "ज्ञानदेवभाऊ, ऐका माझं," ते म्हणाले, "त्या दिवशी वारा होता. टॉवर फिरला. ना तुमची चूक, ना माझी, ना कंपनीची. देवाची करणी, राव! आणि एक ओळ आणखी घाला, की तो मोबाईलवर बोलत होता. आजकाल सगळेच बोलतात." पप्पा म्हणाले, "मी बघितलं नाही, सर." "मी तरी कुठं बघितलंय? पण तुम्ही नाही लिहिलंत तर उद्या लाइटमनवर केस. पोरगी दहावीला आहे ना तुमची?" असं म्हणून त्यांनी विजयश्रीकडे बघितलं, मायेनेच बघितलं, आणि कप खाली ठेवला. ते गेल्यावर मम्मी म्हणाली, "लिहून टाका. तो पोरगा काही उठून बसणार नाही तुमच्या खरं बोलण्यानं." आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून आत गेली.

"वारा सुटला, पुढं," पप्पा म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते गॅलरीत गेले. गणराज सरच असणार. "हां सर. हो सर. लिहूलालंय. पोरगी लिहूलाली. हो, मोबाईलचं पण." गॅलरीच्या जाळीतून ऊन येऊन पप्पांच्या पाठीवर चौकोन चौकोन पडले होते. विजयश्री कागदाकडे बघत राहिली. मोबाईलवर बोलत होता, हे आपल्या अक्षरात उतरलं की ते कसं दिसेल ते तिला लिहायच्या आधीच दिसत होतं. सुबक. मोत्यासारखं. उद्या ते कागद एकावर एक चढतील, आणि सगळ्यात वर कुठेतरी ठरेल की चूक त्या खड्ड्यात पडलेल्याची होती. मग तो पुढची चाळीस वर्षं पलंगावर पडून स्वतःलाच विचारत राहील, खरंच मी मोबाईलवर बोलत होतो का? मला आठवत का नाही? सगळे म्हणतात म्हणजे बोलत असेन. तिलाही तर आता खात्री वाटेनाशी झाली होती, की डोळ्यात आलं होतं का नव्हतं. नाही, आलं होतं. हिरवा डाग होता. तो डाग हीच एक गोष्ट जगात तिच्या एकटीच्या मालकीची होती, दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसलेली, आणि ती नाही म्हणाली की तोही गेला. तिने पेन टेकवलं. 'त्यानंतर' पुढे 'वारा' लिहिलंच नव्हतं अजून. तिने लिहिलं : त्यानंतर कोणताही वारा आलेला नाही. शेवंतीच्या रानावर उजेड पडू नये म्हणून टॉवर मी अपघाताच्या दहा दिवस आधी स्वतः फिरवला होता. फिरवावा असे माझी मुलगी विजयश्री हिने सुचवले. डोळ्यावर येते का असे मी तिला विचारले, ती नाही म्हणाली. तिच्या डोळ्यावर आले होते. सदर तरुण मोबाईलवर बोलत असल्याचे मी पाहिलेले नाही. पेन इतक्या जोरात चाललं होतं की कागदाच्या मागे अक्षरं उमटली, हात फिरवला तर आंधळ्यालाही वाचता आली असती.

पप्पा आत आले. "झालं?" ती मान हलवून हो म्हणाली. पप्पांनी पॅड घेतलं, तळाशी सही कुठे करायची ते बघितलं आणि सही केली. वर त्यांनी बघितलंच नाही. मम्मी ओट्याजवळून म्हणाली, "वाचा तरी." "तिनं लिहिलंय, त्यात काय वाचायचं," पप्पा म्हणाले, कागदाची घडी केली, खिशात घातली, चपला घातल्या आणि जिना उतरू लागले. धप, धप, धप. विजयश्रीला वाटलं होतं की ते वाचतील, ओरडतील, कदाचित पहिल्यांदाच हात उगारतील, आणि मग जे व्हायचं ते होईल. ते वाचणारच नाहीत असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आता गप्प बसलं की संपलं. खरं पोचणार होतं जिथे पोचायला हवं तिथे, आणि पप्पा हापिसात गणराज सरांच्या टेबलासमोर हात बांधून उभे राहणार होते, आपल्या खिशात काय आहे हे माहीत नसलेले. पुन्हा तेच. पुन्हा ते तिच्याकडे बघून विचारणार आणि ती नाही म्हणणार. ती अनवाणीच पळाली. मम्मी मागून "विजे, अगं काय झालं?" म्हणत राहिली.

पप्पा खाली गाडीला किक मारत होते. "थांबा!" ती म्हणाली. "काय राहिलं?" तिने त्यांच्या खिशातून कागद काढला, उघडला आणि वाचायला लागली. सूत्रसंचालनाचा तो खणखणीत आवाज आलाच नाही. कुणाचं तरी दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं ती अडखळत वाचत गेली. हेल्मेटची काच वर करून पप्पा ऐकत होते. समोरच्या दुकानात एक बाई दळण मोजून घेत होती. 'तिच्या डोळ्यावर आले होते' इथे आवाज फुटला, पण तिने शेवटपर्यंत वाचलं. पप्पांनी गाडी स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं. त्यांचे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

तिने कागद खाली केला.

"तू डोळे मिटलेस. मी बघितलं तिथनं. दोन वर्षं तेच बघूलालाव मी, कुणाच्या डोळ्यात जातंय, कुणाच्या नाही. तू डोळे मिटलेस आणि मग नाही म्हणलीस." पप्पा हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. "मला वाटलं, पोरगी म्हणूलाली तर असू द्या. मला बी तेच पाहिजे होतं ना. मावशीनं लई दिवसांनी मला कुणीतरी असल्यागत विचारलं होतं. नाहीतर साइटवर कोण विचारतंय लाइटवाल्याला?" ते तिच्याकडे बघत नव्हते. "तुझं 'नाही' मला पुरलं. पुरवून घेतलं मी."

विजयश्री रडायला लागली ती तिथेच, लोकांदेखत, पायाखालच्या गरम डांबरावर. आपण एकटीनेच उचललं आहे असं वाटणारं ओझं दुसऱ्या कुणीतरी आधीपासूनच धरलेलं होतं, आणि तरीही ते हलकं झालं नाही. उलट आता त्यात पप्पाही होते. ज्यांनी कधी पिन विसरली नाही ते पप्पा. पप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला वर नेलं. मम्मीने दारातच दोघांची तोंडं बघितली आणि बाजूला झाली.

"दुसरा कागद काढ," पप्पा म्हणाले. "हा चालणार नाही."

"पप्पा, मी वारा लिहिणार नाही."

"वारा कोण सांगूलालंय? लिही मी म्हणतो तसं." आणि त्यांनी या वेळी पलंगावर बसून नाही, तर तिच्या शेजारी फरशीवर मांडी घालून सांगितलं, एकेक शब्द, तिचं पेन पोचेतोवर थांबत. टॉवर मी माझ्या मनाने फिरवला. कुणाला विचारले नाही. उजेड येणाऱ्या गाडीच्या डोळ्यावर जातो हे मला दिसले होते. तरी मी तो तसाच ठेवला. त्या मुलाने खड्ड्यात मला सांगितले की समोर सगळे पांढरे झाले. मोबाईल मी पाहिला नाही. विजयश्री लिहीत गेली. स्वतःचं नाव यायची वाट बघत गेली. ते आलं नाही.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी नाही म्हणाले होते ते?"

"ते नको."

"पण ते खरं आहे, पप्पा!"

"खरंच आहे. पण लाइट माझ्या ताब्यात होता. तुझ्या नाही." मग जरा वेळाने, "शेवंतीचं बी नको. मावशीला उगंच हापिसात बोलावतील." त्यांनी पहिल्या कागदाच्या चार घड्या केल्या, परत चार, आणि मुठीत धरला. विजयश्रीला वाद घालता आला असता. या वर्षी तिने मुख्याध्यापकांशीसुद्धा वाद घातला होता. पण तिला दिसलं, की पप्पांनी 'लाइट माझ्या ताब्यात होता' हे वाक्य जपून काढलं होतं, त्यांच्याकडे द्यायला तेवढंच होतं, आणि ते घ्यावं लागणार होतं. न घेणं म्हणजे पुन्हा स्वतःचंच पुढे करणं झालं असतं. तिने खाली तारीख घातली. पप्पांनी कागद हातात घेतला आणि या वेळी वाचला. बोट ठेवून, ओठ हलवत, नववी नापास माणूस वाचतो तसा, सगळा. एका ठिकाणी बोट मागे नेऊन परत वाचला. मग सही केली. फोन पुन्हा वाजत होता, पलंगावर पडल्या पडल्या गोल गोल सरकत होता. त्यांनी तो उचलला नाही, नुसताच उलटा करून ठेवला.

ते दाराशी गेले तेव्हा मम्मी म्हणाली, "अहो." ते थांबले. मम्मीच्या हातात परात होती. ती काय विचारणार हे आपल्याला कळलं, असं विजयश्रीला वाटलं. का असं केलंत, आता कसं व्हायचं, पोरीचं शाळेचं. मम्मीने ते काहीच विचारलं नाही.

"उद्या डबा करू का नको?"

जिन्यात बल्ब नव्हता, पप्पांचा एक पाय खालच्या पायरीवर होता आणि चेहरा दिसत नव्हता.

"कर," ते म्हणाले. "आधी त्या पोराकडं जाईन दवाखान्यात. मग बघू कुठं बसून खायचा."